गावातल्या पोरापोरींना नेतृत्व शिकवायचं आहे, पण आपल्या रीतीनं. सुरुवात कुठून करावी?

वही_आणि_टॉर्च (प्रश्न)

सेवा जोहार.

धानोरा तालुक्यातलं गोंड वस्तीचं गाव, ७० घरं. सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, सुमारे ४०० हेक्टर. १६ ते २४ वयाच्या २० मुलामुलींसाठी वर्षभराचा नेतृत्व-प्रशिक्षणाचा कार्यक्रम आखायचा आहे. पैसे देणाऱ्यांकडून आलेला आराखडा सहा दिवसांच्या निवासी शिबिराचा आहे: संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, माईकवर बोलण्याचा सराव, शेवटच्या संध्याकाळी रेला नृत्य आणि प्रमाणपत्रं. ग्रामसभेनं एका वाक्यात उत्तर दिलं, "आमची रीत शिकवत असाल तर या."

आता रीत म्हणजे नेमकं काय घ्यायचं? जुन्या गोष्टींपैकी कशातून खरोखर पुढारीपण तयार होतं आणि काय फक्त स्टेजपुरतं राहतं? म्हातारी माणसं वर्गात बसून शिकवणार नाहीत, मग त्यांच्याकडून शिकायचं कसं? निम्मी मुलं आश्रमशाळेत असतात, त्यांचं काय? आणि शेवटी शिकली की नाही हे कशावरून धरायचं?

---

फळीवरचा

जोहार. शिबिराचा आराखडा परत पाठवू नका, पैसे जातील. सहाचे अठरा दिवस करून वर्षभर पसरा, एवढी मुभा बहुतेक वेळा मिळते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गोटुलातच (गावातल्या तरुण पोरापोरींच्या सामाईक घरातच) आहे. बस्तरच्या मुरिया गोटुलात प्रत्येक पोराला पद असायचं आणि पदाला काम चिकटलेलं असायचं. मुलांचा सिरदार, मुलींची बेलोसा, मग लाकडं किती आली ते बघणारा, झाडलोट करून घेणारा, कोण आलं नाही ते ध्यानात ठेवणारा. लाकूड आणलं नाही की दंड. पद मिळालं म्हणून मान नसायचा, काम चुकलं की सगळ्यांसमोर विचारणा व्हायची. आपल्याकडचं माडिया गोटुल थोडं वेगळं आहे, मुली नाचगाण्याला येतात आणि झोपायला घरी जातात; गावाची बैठक, पाहुण्यांचा मुक्काम हेही तिथंच. पण पद, काम आणि जाब ही तिकडी दोन्हीकडे आहे. कार्यक्रमात गोटुलातून काही घ्यायचं असेल तर ही तिकडी घ्या. नाच पोरांना येतोच.

वर्षाची आखणी जंगलाच्या कामावर बसवा. दिवाळीनंतर सीमा-फेरी, फेब्रुवारीपासून आग, मार्च-एप्रिलात मोह, एप्रिलअखेर ते मे तेंदू (विडीचं पान), पेरणीआधी विज्जा पंडुम (बियाण्याचा सण), पावसाळ्यात बैठका आणि नियमांची लिखापढी. आश्रमशाळेची पोरं दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत गावात असतात, म्हणून सीमा-फेरी आणि तेंदू ही दोन मोठी कामं नेमकी तेव्हा येऊ द्या. मोहाचा हंगाम परीक्षेत सापडतो. ते काम १८ च्या पुढच्यांकडे.

सीमा-फेरी कशी करायची ते नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

४०० हेक्टर म्हणजे ४ चौरस किलोमीटर. हिशेबाला गोल धरलं तर परीघ ७ किलोमीटर भरतो. प्रत्यक्षात नाल्याच्या वळणांनी आणि टेकड्यांनी १० च्या वर जातो. म्हातारी माणसं बरोबर असतील आणि प्रत्येक खुणेवर थांबायचं असेल तर दिवसाला ४ किलोमीटरपेक्षा जास्त होत नाही. तीन दिवस धरा. चार-चार जणांच्या तुकड्या: एक जाणता, एक विचारणारा, एक लिहिणारा, एक मोबाइलवर बिंदू घेणारा. विचारणाऱ्यानं लिहायचं नाही. तोंडाकडे न बघता वहीत मान घालून बसलं की म्हातारा दोन शब्दांत आटपतो.

प्रत्येक खुणेला पाच गोष्टी नोंदवा: बिंदूचा क्रमांक, गोंडी नाव जसं उच्चारलं तसं, खूण काय आहे (दगडांची रास, दोन नाल्यांचा संगम, अमुक झाड, पेनाची म्हणजे देवाची जागा), पलीकडे कोणाचं गाव, आणि ही खूण कोणी सांगितली. दाट बांबूखाली मोबाइलचा बिंदू दहा-पंधरा मीटर सहज सरकतो. म्हणून उभं राहून दोन मिनिटं थांबायचं, तीनदा नोंद घ्यायची आणि मधली धरायची.

सगळ्यात महत्त्वाचं: शेजारच्या गावाला आधी निरोप गेला पाहिजे. त्यांचे दोन जाणते सीमेवर आले नाहीत तर तो तुकडा त्या दिवशी सोडून द्या. निरोप घेऊन पोरांनाच पाठवा, आणि निरोप कोणत्या शब्दांत द्यायचा हे गायत्याला (गावाच्या रीतीभातीच्या प्रमुखाला) विचारून. सीमेचा वाद निघालाच तर वनहक्क कायद्याच्या नियमांतसुद्धा दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावं असंच सांगितलंय; रीतही तीच आहे.

मग तो नकाशा वनहक्काच्या पट्ट्यावरच्या नकाशावर ठेवून बघा. पट्टा बहुतेक वनखात्याच्या कक्ष क्रमांकांवर काढलेला असतो, रीतीची सीमा नाल्याने जाते. दोन्ही जुळत नाहीत. ती जुळत नाहीत हे पोरांना स्वतः दिसलं पाहिजे. कुठे किती फरक आहे याची यादी करणं हे त्यांचं पहिलं खरं काम, आणि ती यादी ग्रामसभेत त्यांनीच वाचायची.

तेंदूचं थोडक्यात सांगतो, फळीवर (पानं मोजून घ्यायच्या जागेवर) काम केलेल्यांना माहीत आहे. पुडा ७० पानांचा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. ७० घरं, १० दिवस, घरटी रोजचे १२० पुडे धरले तर ८४,००० पुडे, म्हणजे ८४ गोणी. व्यापाऱ्याचा माणूस "सुकल्यावर घट येते" म्हणून शेकड्यामागे तीन पुडे वर मागतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पोरांना पाटीवर मांडायला लावा: ८४,००० वर ते २,५२० पुडे होतात, अडीच गोणी फुकट. हा हिशेब सोळा वर्षांच्या पोरीनं फळीवर उभं राहून बोलून दाखवला की पुढचं संवादकौशल्य शिकवावं लागत नाही.

रोज संध्याकाळी दोन जण फळीवर: एक मोजणारा, एक कार्ड भरणारा. शंभरातल्या कोणत्याही पाच पुड्यांची गाठ उघडून पानं मोजायची. ७० पेक्षा कमी भरली तर किती वजा धरायचं हे हंगामाआधी ग्रामसभेनं ठरवलेलं असावं, फळीवर ठरवू नये. आपल्याच काकूचा पुडा बाद करताना पोरगं कसं वागतं ते बघा. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं मिळेल.

---

मोहफूल

फळीवरच्या भाऊंचं सगळं पटतं, पण एक बाजू राहिली.

रीत म्हटलं की गायता, भूमिया, पाटील, पुजारी ही नावं येतात आणि ती सगळी पुरुषांची. पद, काम आणि जाब ही तिकडी मुलींना कुठे मिळते? ग्रामसभा "आमची रीत शिकवा" म्हणते तेव्हा मुलींचा अर्धा गट पाणी भरायला आणि नाचाच्या रांगेत जातो, हे आधीच ओळखून ठेवा.

त्यावर भाषण देऊन काही होत नाही. रीतीतलंच बायकांचं ज्ञान बाहेर काढावं लागतं, आणि ते भरपूर आहे. बियाणं कोणी राखलं? कोणत्या घरात कोणत्या धानाचं, कोसरीचं, उडदाचं बी आहे, कोणतं दोन वर्षांत गावातून गेलं, हे म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ असतं. विज्जा पंडुमच्या आधी मुलींनी ७० घरांत फिरून बियाण्याची यादी करायची: वाणाचं नाव, किती दिवसांत येतं, कोणत्या जमिनीत, बी कशात ठेवलंय, शेवटचं कोणी कोणाकडून घेतलं. प्रत्येक वाणाचं मूठभर बी, सावलीत वाळवलेलं, राख घालून मडक्यात किंवा तुंब्यात, नावाची चिठ्ठी आत आणि बाहेर दोन्हीकडे. बाहेरची चिठ्ठी उंदीर खातात. ही यादी ग्रामसभेत आली की कोणत्या शेतात काय पेरायचं या चर्चेत मुलगी बोलते आणि बापे माणसं ऐकतात, कारण माहिती तिच्याकडे असते.

दुसरं, मोह. फुलं पहाटे पडतात, वेचणाऱ्या बहुतेक बायका आणि मुली. झाडाखाली साफ दिसावं म्हणून पाला पेटवतात आणि तीच आग जंगलात जाते. आग थांबवायची बैठक मात्र पुरुषांची होते! ज्या हाताने काडी लागते त्या हाताशी बोलायला हवं. झाडाखाली बुंध्यापासून चार-पाच पावलं खराट्यानं झाडून पाला कडेला ओढायचा. झाडणं जमत नाही इतकी झाडं असतील तर जुनी साडी किंवा जाळी अंथरायची. ज्या घराला पेटवायचंच आहे त्यांनी कडेने आधी दीड-दोन मीटरची पट्टी झाडून काढायची, वारा पडलेला असताना पेटवायचं आणि विझेपर्यंत दोन माणसं तिथून हलायची नाहीत. कोणत्या झाडाखाली कोण वेचतं हे गावात ठरलेलं असतं. मुलींनी त्याची यादी केली की जबाबदारीही नावावर पडते.

तिसरं अवघड आहे. कुरमाघर, म्हणजे पाळीत बायकांनी वेगळं राहायची झोपडी. पाळीत मुलगी कुरमाघरात असेल तर ती सीमा-फेरीला नाही, बैठकीला नाही, पंडुमला नाही. वर्षभराच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलीचे एवढे दिवस जातात आणि हजेरीत ती "अनियमित" दिसते. हजेरीवर प्रमाणपत्र असेल तर ती अट काढून टाका. प्रत्येक कामाला दोन मुलींची जोडी लावा, एक नसेल तेव्हा दुसरी, आणि पद जोडीच्या नावावर. कुरमाघराबद्दल गावात काय बोलायचं, कधी बोलायचं, हे बाहेरच्यांनी ठरवू नये. पण घराला दार नाही, छप्पर गळतं, रात्री दिवा नाही, हा विषय मुली स्वतः ग्रामसभेत आणू शकतात. तेवढी वाट मोकळी ठेवा.

आणि कृपया "गोटुल म्हणजे आदिवासींचं विद्यापीठ" असलं पोस्टर छापू नका.

---

वही_आणि_टॉर्च

ताई, पोस्टर छापून झालं होतं. काढलं.

दोन गोष्टी अजून अडतात. जाणत्यांना मानधन द्यायचं की नाही? आणि पुजाऱ्याकडचं औषधाचं ज्ञान मुलांनी लिहून घ्यावं असं पैसे देणाऱ्यांना वाटतं, "जतन" म्हणून.

---

ठराव_वही

मानधन: ज्या दिवशी जाणता माणूस सोबत आला त्या दिवशीची त्याची मजुरी बुडते, तेवढी द्या, सगळ्यांना सारखी, ग्रामसभेच्या खात्यातून आणि पावतीवर. पूजेचे पैसे वेगळे काढू नका. नारळ, कोंबडी, मोहाची दारू ही गावाची वर्गणी असते. कार्यक्रमाच्या बजेटमध्ये "पूजा खर्च" अशी ओळ आली की तो पंडुम पुढच्या वर्षी पैसे असतील तरच होतो.

औषधं: लिहून घेऊ नका. झाडाचं नाव आणि ते कुठे आहे एवढं जैवविविधतेच्या नोंदवहीत येऊ शकतं. कशावर, किती, कशाबरोबर द्यायचं हे पुजारी ज्याला निवडेल त्यालाच. जैवविविधता कायदा २००२ चा आहे; त्याखालच्या नियमांत लोकांच्या जैवविविधता नोंदवहीची तरतूद आहे, पण काय उघड करायचं ते ठरवणं गावाच्या हातात ठेवता येतं. त्याचा ठराव आधी, नोंदी नंतर. उलटं झालं की वही कोणाच्या कपाटात जाते ते नंतर शोधावं लागतं.

आता बैठकीबद्दल, कारण सीमा-फेरी आणि तेंदू दोन्ही शेवटी बैठकीत येतात.

याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) चं उदाहरण सगळे देतात: गावचे देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल, "आमच्या गावात आम्हीच सरकार", २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर मिळालेला सामूहिक वनहक्क, २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती. घोषणा पोरांना पाठ असते. त्यामागची यंत्रणा मात्र शिकवली जात नाही. ती दोन भागांची आहे. एक अभ्यास गट, जो नुसता समजून घेतो आणि काहीही ठरवत नाही. दुसरी ग्रामसभा, जी ठरवते आणि सर्वसहमतीनं ठरवते. कोणाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो.

तुमच्या २० जणांची जागा अभ्यास गटात आहे. हे पहिल्या दिवशी स्पष्ट झालं पाहिजे, गावालाही आणि पोरांनाही. नाहीतर तीन महिन्यांत "पोरांची कमिटी" तयार होते, तिचं वेगळं बँक खाते मागितलं जातं आणि पाटील फुगतो.

अभ्यास गटानं विषय ग्रामसभेत मांडायचा तो पाच मिनिटांत, गोंडीत. चार गोष्टी: काय अडलंय, किती वाटा आहेत, प्रत्येक वाटेनं कोणाचं नुकसान, आणि गावाकडून आज काय हवंय. "कोणाचं नुकसान" हे पोरं नेहमी गाळतात, कारण ते बोलायला जड जातं. ते गाळलं तर ज्याचं नुकसान आहे तो बैठकीत गप्प बसतो आणि नंतर काम अडवतो. बांबू तोडीचा विषय घ्या. बुरडकाम करणाऱ्या घराला कोवळा, लवचीक बांबू लागतो. "तीन वर्षांच्या आतला तोडायचा नाही" असा नियम केला की सगळ्यात आधी त्याचं पोट अडतं. त्याला विचारूनच नियम लिहिला तर तो घरटी किती कोवळे बांबू लागतात ते सांगतो आणि नियमात तेवढी सूट बसते.

(नियम लिहायचेच असतील तर बांबूचे हे चार धरा: पावसाळ्यात तोड बंद, चालू वर्षाचे वास्ते (कोंब) आणि दुसऱ्या वर्षाचे हिरवे सोडायचे, जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर पेऱ्याच्या वर तोडायचं, आणि प्रत्येक बेटात किमान आठ जुने उभे ठेवायचे. बेटाच्या कडेचा बांबू काढायला सोपा म्हणून तिथूनच तोडतात आणि मधला गाळा गच्च होतो. आत शिरायची वाट करून मधून तोडायला शिकवा. वय ओळखायचं ते बांबूला हात लावून: खोडाला साल-पात चिकटलेली असेल तर यंदाचा, गुळगुळीत हिरवा दुसऱ्या वर्षाचा, पांढुरके डाग आले की जुना.)

बोलण्याचा क्रम. जाणता आधी बोलला की बाकीचे मान डोलवतात. त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन विनवायचं की तुम्ही शेवटी बोला. हे विनवायला पोरांनीच जायचं. सभेत चालवणाऱ्यानं आधी मागच्या भिंतीला टेकलेल्यांना नावानं विचारायचं, मग बायकांच्या बाजूला, मग पुढच्या रांगेला.

गणपूर्तीचा हिशेबही त्यांनीच करावा. वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेचे निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. गावात २२० प्रौढ असतील तर ११० माणसं, त्यांत ३७ बायका. ३६ झाल्या तर थांबायचं. एकदा थांबून दाखवलं की पुढच्या वेळी बापे माणसंच घरी जाऊन बायकांना बोलावून आणतात.

ठराव वहीत लिहिल्यावर तो गोंडीत वाचून दाखवायचा आणि मगच सह्या, अंगठे. कोऱ्या पानावर सह्या कोणालाही द्यायच्या नाहीत, "नंतर भरतो" म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी. हे एवढं एक पोरांच्या हाडात बसलं तरी कार्यक्रमाचे पैसे वसूल.

---

सातपुडा_पाडा

खान्देशातून लिहितोय, आमच्याकडे गोटुल नाही. हा धागा वाचून नंदुरबार-धुळ्याकडचं कोणी "गोटुल पद्धती" आणायला निघेल म्हणून मध्ये पडतो.

भिल्ल-पावरा पाड्यांत पुढारीपण शिकण्याची जागा म्हणजे लाह. एका घराचं मोठं काम (बांध, घर शाकारणं, निंदणी) पाडा मिळून एका दिवसात उरकतो, त्या घरानं जेवण द्यायचं, मजुरी नाही. झाबुआकडचे भिल्ल यालाच हलमा म्हणतात. लाह बोलावणाऱ्याला सांभाळायला बरंच असतं: कोणाला निरोप, कोणाच्या घरी सध्या बोलणं बंद आहे, किती माणसं येतील, किती भाकरी, कोणत्या टोकाला कोणाला उभं करायचं. तीस माणसांची लाह वीस वर्षांच्या पोरीनं बोलावून निभावली की तिची परीक्षा झाली. चूक कुठे होते? संस्था जेवणाचा खर्च उचलतात. मग ती लाह राहत नाही, श्रमदान होतं, आणि उलट फेडीचं बंधन तुटतं. पुढच्या वेळी कोणी येत नाही.

भांडण मिटवायला डाह्या (पाड्यातली जाणती माणसं) बसतात तेव्हा पोरांनी मागे बसून फक्त ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी काय मागितलं आणि शेवटी काय ठरलं ते न लिहिता सांगायचं. न लिहिता. लक्षात ठेवणं हाच तिथला अभ्यास आहे.

पालघरच्या मित्रांसाठी: तारप्याच्या नाचात वादकाकडे पाठ करायची नाही आणि सूर बदलला की सगळ्या रांगेनं पाय बदलायचा, हे तुमच्याकडचं साधन आहे. रांगेच्या टोकाला रोज वेगळं पोर उभं करा. टोकावरचा चुकला तर अख्खी रांग अडखळते, आणि त्याला सांगावं लागत नाही.

---

पहाटेची_फेरी

तेंदूच्या हिशेबाचं ठीक आहे, पण तेंदू तोडावा का, हा प्रश्न पोरांपुढे ठेवणार की नाही? चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ साली त्यांना हजारावर हेक्टरचा सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांनी बांबू घेतला आणि तेंदू बंद केला: झुडपं छाटावी लागतात, फळं धरत नाहीत, नवी पालवी यावी म्हणून जंगल पेटवलं जातं. शिवाय सुमारे ३४ हेक्टर जंगल पूर्ण राखीव ठेवलं. हे सगळं गावानं स्वतःच्या नियमांत लिहिलं.

रीतीत याला आधार आहे. मरका पंडुम झाल्याशिवाय आंबा तोडायचा नाही, म्हणजे फळ पिकू द्यायचं, कोय पडू द्यायची. तेंदूला पंडुम नाही, कारण विडीच्या पानाचा धंदा बाहेरून आला. मग या पानाला कोणता नियम लावायचा? यावर अभ्यास गटाला महिनाभर बसवा. उत्तर काही येवो.

राखणीचं एक सांगतो. ओडिशातल्या गावांत ठेंगापाळी चालते. काठी ज्याच्या दाराशी दिसेल त्याची त्या दिवशी जंगलाची पाळी. फेरी करून आल्यावर काठी शेजाऱ्याच्या दाराशी ठेवायची. रजिस्टर नाही, व्हॉट्सॲप नाही. काठी एकाच दाराशी दोन दिवस दिसली की अख्ख्या गावाला कळतं. फेब्रुवारी ते मे करून बघा, दोन काठ्या, दोन टोकांनी.

---

फळीवरचा

तेंदू बंद करणं पाचगावला जमलं, कारण त्यांच्याकडे बांबूचं उत्पन्न होतं. ४०० हेक्टरांत बांबू किती आहे ते आधी मोजा. बाकी प्रश्न पोरांपुढे ठेवावा याला पूर्ण संमती. मधली वाटही आहे: खुटकटाई (झुडपांची छाटणी) करायची पण आग लावायची नाही, आणि फळ देणारी मोठी झाडं खूण करून सोडायची. व्यापाऱ्याच्या करारात ही अट लेखी घाला. करार एकट्या गावानं करण्यापेक्षा पाच-दहा ग्रामसभांनी मिळून केला तर भावही बरा मिळतो आणि पैसे बुडवणंही अवघड जातं. कोरची तालुक्यात महाग्रामसभा (अनेक ग्रामसभांची मिळून एक) आहे, दोन पोरं आणि दोन पोरी तिकडे चार दिवस पाठवा, बैठक बघायला.

---

वही_आणि_टॉर्च

सगळं वहीत उतरवलं. आराखडा असा बदलतोय: शिबिराचे सहा दिवस राहतील, पण तीन सीमा-फेरीला, दोन फळीवर, एक बियाण्याच्या यादीला, बाकीचे बारा दिवस बैठकांचे. प्रमाणपत्र हजेरीवर नाही. शेवटी ग्रामसभा सांगेल कोणी कोणतं काम निभावलं, तेवढंच त्यावर लिहायचं. माईकची ओळ कापून त्या पैशांत टॉर्च घेतोय, पाच तुकड्यांना पाच.

---

मोहफूल

दहा घ्या. मुलींच्या जोड्या लावणार आहात ना? पहाटे मोहाला जाताना एक टॉर्च दोघींत पुरत नाही, एकीला खाली बघायचं असतं आणि दुसरीला अस्वलाकडे.